जबड्याचं इम्प्लांट आणि सीटीची सीडी: माझा अनुभव

जबड्याचे कोपरे कमी करून घेताना माझं उजवीकडचं हाड जास्त कापलं गेलं. कानाखालचा उतारच गेला. पुण्यातल्या मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या) सर्जननी गेलेल्या हाडाच्या जागी बसवायचं मापाचं इम्प्लांट सुचवलं, पीक (PEEK) या वैद्यकीय प्लॅस्टिकचं की टायटॅनियमचं ते ठरलं, पैशांची सोय झाली. (मेडिक्लेमवर विसंबू नका, दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यात सहसा बसत नाही.)

सगळं अडलं सीटी स्कॅनपाशी. सेंटरने फिल्म, रिपोर्ट आणि सीडी हातात दिली. इम्प्लांट बेतणाऱ्या डिझायनरने सीडी उघडली आणि लगेच परत पाठवली: स्लाइस, म्हणजे स्कॅनमधले एकेक काप, ५ मिलिमीटरच्या. एवढ्या जाड स्लाइसवर हाडाची कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, त्यावर इम्प्लांट बेतता येत नाही. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हव्यात, आणि त्याही डायकॉम (स्कॅनच्या मूळ प्रतिमांच्या) फाइलमध्ये.

काउंटरवर सांगितलं तर, "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता काय हवंय?" मला रिपोर्ट नकोच होता! स्कॅननंतर काही दिवस मशीनवर कच्चा डेटा असतो, त्यातून पातळ स्लाइस पुन्हा काढता येतात. मी तेच मागत होते. टेक्निशियन सुट्टीवर, मग सर मीटिंगमध्ये, मग "सोमवारी फोन करा". शेवटी कळलं, डेटा पुसला गेला. म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा रेडिएशन, तेही दोन मिनिटांच्या कामासाठी. याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या सेंटरला जाताना सर्जनकडून चिठ्ठीवरच लिहून घेतलं: स्लाइसची जाडी, गॅन्ट्री टिल्ट शून्य (म्हणजे मशीनचं कडं तिरकं न करता), कानाजवळच्या सांध्यापासून हनुवटीच्या खालपर्यंत पूर्ण जबडा. तिथल्या ताईंनी चिठ्ठी वाचली आणि काम झालं. सीडी तिथेच उघडून बघा. पातळ स्लाइस असतील तर जबड्याच्या शंभरावर प्रतिमा दिसायला हव्यात. स्कॅन चालू असताना गिळू नका.

डाव्या बाजूचं आरशातलं रूप घेऊन उजवी बेतली. डिझाइन मंजूर करण्याआधी खालच्या ओठाची नस कुठून जाते ते स्क्रीनवर दाखवायला सांगा, इम्प्लांटची कड तिच्यावर यायला नको. टाके सहसा तोंडाच्या आतून असतात, म्हणून गुळण्या आणि पातळ जेवण सर्जन सांगतील तोवर पाळाच, जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढावंही लागतं.

आणि हो, पहिल्या शस्त्रक्रियेआधीचा सीटी मिळत असेल तर आजच मागून घ्या. दोन्ही बाजू कापल्या गेल्या असतील, तर मूळ जबड्याचं माप त्यातूनच मिळतं.