दादाच्या गोळ्या

आज दादाबरोबर सायकिॲट्रिस्टकडे गेले होते. दारू सोडून त्याला 41 दिवस झाले.

वहिनीने डॉक्टरांना हळूच विचारलं, "ती उलटी होणारी गोळी आमटीत घालून दिली तर?" डॉक्टर एकदम गंभीर झाले. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, त्याचा निचरा ही गोळी अडवते. वर थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. क्वचित जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिराती आठवल्या आणि अंगावर काटा आला. वहिनी रडायलाच लागली. तिची काय चूक? दहा वर्षं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दादाला नाल्ट्रेक्झोन चालू आहे, रोज 50 मिलिग्रॅम, लिव्हरची तपासणी करून. पिण्यातून मिळणारी मजा त्याने कमी होते, तलफही. लिव्हर खराब असेल तर बऱ्याचदा ॲकॅम्प्रोसेट देतात, पण त्याला किडनी नीट हवी.

आमचे काका म्हणतात, "मनाचा निश्चय हवा, गोळ्या कशाला?" स्वतः मात्र बीपीची गोळी एक दिवस चुकवत नाहीत. आज पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले.

रात्री जेवण झाल्यावर दादाने स्वतःच पाण्याचा ग्लास भरला आणि आईसमोर बसून गोळी घेतली.