आमची वाटचाल : लुनापासून ग्रासकटरपर्यंत

वडिलांनी कुडाळला गॅरेज टाकलं तेव्हा कामाला यायच्या त्या लुना, राजदूत आणि चेतक. सगळ्या टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत एकदा इंधन जाळणाऱ्या आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. सायलेन्सर काढून डिकार्बन करायचं, म्हणजे आत साचलेली काजळी खरवडायची, प्लग घासायचा, की गाडी पुन्हा रस्त्यावर. २००० साली दुचाकींच्या धुराचे नियम कडक झाले, फोर-स्ट्रोक गाड्यांनी रस्ता व्यापला आणि आमचं काम आटलं. पुढे आंबा-काजूच्या बागा साफ करायला माणसं मिळेनाशी झाली, घरोघर ग्रासकटर आले, आणि टू-स्ट्रोक पुन्हा आमच्या बाकावर आलं.

या इंजिनाचं दुखणं जुनंच आहे. पिस्टन खाली आला की धूर जायची आणि ताजं मिश्रण यायची, दोन्ही दारं एकदमच उघडी राहतात. त्यात पेट्रोल-ऑइलचा साधारण पाव हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. गाडीचा धूर निदान मागे राहायचा. ग्रासकटर पट्ट्याने अंगाला अडकवलेला असतो, आणि तो धूर दिवसभर गड्याच्या छातीत जातो. मला ते बघवत नाही.

कॅलिफोर्नियाने १९९५ पासून अशा छोट्या इंजिनांना नियम लावले, मग कंपन्यांना तोडगा काढावाच लागला. नव्या इंजिनात हवेला वेगळी वाट आहे. पिस्टनच्या अंगावरच्या खाचांतून नुसती हवा ट्रान्स्फर पोर्टमध्ये, म्हणजे ताजं मिश्रण यायच्या वाटेत, आधी भरून राहते. पोर्ट उघडलं की तीच पुढे शिरते, जळका धूर ढकलते आणि निसटायचं ते तिचंच निसटतं. पेट्रोल मागून येतं. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह न घालता, निव्वळ वाटा बदलून हे साधलंय, याचं मला आजही कौतुक आहे. कंपन्या २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं म्हणतात. आमच्या बागायतदारांनाही टाकी जास्त पुरते असा अनुभव आहे.

नवं मशीन नाजूक, असं बरेच मिस्त्री सांगतात. मला ते पटत नाही. त्याला शिस्त लागते. जुन्यात अंदाजाने ऑइल ओतलं तरी ते धुरकत चालायचं. नवं इंजिन कमी पेट्रोलवर, जास्त गरम चालतं, म्हणून ऑइल चांगल्या प्रतीचं आणि मोजूनच हवं : बहुतेकांना लिटरला २० मिली. एअर फिल्टर गवताच्या भुशाने तुंबू द्यायचा नाही. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि आपल्या दमट हवेत ते पाणी धरतं, तेव्हा पावसाळाभर मिश्रण टाकीत ठेवलं तर कार्बोरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, गेलाच समजा. आणि बाजारातला साधा पिस्टन मापात बसतो खरा, पण त्याला खाचा नसतात. हवेची वाट बंद होते, मशीन धूर ओकतं, ताकद जाते.

जुनी मशीनं आम्ही आजही मनापासून दुरुस्त करतो. नवीन घेणाऱ्याला मात्र हवेची वेगळी वाट असलेलंच इंजिन सुचवतो, सोबत ऑइल मोजायची बाटली देतो, आणि मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या गड्याला दुकानात बोलावून त्याच्याच हाताने पहिलं मिश्रण करून घेतो.