गळ्यातले सूर

मे महिन्यात नागपुरात पियानो उतरतो. हवा इतकी कोरडी होते की आतलं लाकूड आकसतं, तारांवरचा ताण कमी होतो आणि मार्चमध्ये लावलेला सूर हळूहळू खाली सरकतो. म्हणून मी पियानोखाली पाण्याचं घमेलं ठेवते. धरमपेठेतल्या माझ्या घरी मी मुलांना पियानो शिकवते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच खोलीत आम्ही सहा-सात जण जमतो. एक निवृत्त बँक अधिकारी, एक होमिओपॅथीच्या डॉक्टर, एक शाळामास्तर, दोन-तीन इंजिनिअरिंगची मुलं. सगळे हौशी. कुणी शूमानची एखादी छोटी पियानो-रचना वाद्यवृंदासाठी मांडून आणतो, कुणी स्वतःची. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली प्रत, वाचायचा, लॅपटॉपवर ऐकायचा, मग बोलायचं. ऐकताना कूलर बंद करावा लागतो, नाहीतर हळू वाजणारं काहीच कळत नाही. ४५ अंशांत बंद कूलरसमोर बसून दुसऱ्याची रचना मन लावून ऐकणारी ही माणसं मला फार जवळची आहेत.

त्या रविवारी तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाची पाळी होती. त्याने स्वतःचीच एक पियानो-रचना आणली होती, एफ मायनरमधली, जेमतेम ५६ बारांची, म्हणजे तालाच्या ५६ कप्प्यांची. वाद्यवृंदही लहानच ठेवला होता: एकेक फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. पियानोवर ती मी आधी ऐकली होती. डावा हात खालच्या एफपासून सुटे सूर वर नेतो, प्रत्येक बारभर पेडल दाबलेलं, आणि त्या झुळझुळीवर उजव्या हाताची चाल. त्याने डाव्या हाताचे सूर जसेच्या तसे चेलोला दिले होते.

कूलर बंद केला. ऐकलं. सगळं कोरडं.

ही चूक प्रत्येकजण एकदा करतो. पियानोचं पेडल दाबलं की सगळे दाबक तारांवरून उठतात, वाजवलेला सूर बोट काढल्यावरही राहतो, आणि न वाजवलेल्या ताराही त्याच्यासोबत गुणगुणू लागतात. कागदावर मात्र पेडलची फक्त एक खूण असते. चेलोने एफ वाजवून सी घेतला की एफ गेला, तो धरून ठेवायला कुणी नाही. ज्याला पियानोची रचना वाद्यवृंदात न्यायची आहे, त्याला पेडल कुणालातरी वाटून द्यावं लागतं. व्हायोला दोन भागांत विभागून लांब सूर धरतील, हॉर्न धरतील, क्लॅरिनेट धरेल. लिहिलेल्या सुरांपेक्षा न लिहिलेल्या सुरांचाच हिशेब मोठा. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगते, आधी तुझी रचना पेडल न घेता वाजव आणि काय काय हरवलं ते लिहून काढ.

त्याला कोरडेपणा जाणवला होताच. पण इलाज म्हणून त्याने लॅपटॉपवर घुमारा वाढवला होता, आणि बार १९ ते २६ मध्ये, म्हणजे मधल्या शांत भागात, दोन्ही हॉर्न आणि सगळी तंतुवाद्यं घालून जागा भरली होती. या भरलेल्या जागेवर चाल दिली होती फ्लूटला, तीही अगदी खालच्या पट्टीत: एफ, जी, ए फ्लॅट, पुन्हा जी, एफ. लॅपटॉपवर ती स्वच्छ ऐकू येत होती, कारण लॅपटॉपवर कोणतंही वाद्य हवं तेवढं मोठं करता येतं. खऱ्या फ्लूटचे खालचे सूर मऊ आणि हवेशीर असतात. दोन हॉर्नपुढे ते उभेच राहणार नाहीत.

मी पेन्सिलने समासात लिहिलं, ‘फ्लूट ऐकू येणार नाही. क्लॅरिनेटला द्यावं.’ तसं बोललेही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तो ‘हो ताई’ म्हणाला आणि त्याने स्कोअर मिटला. आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो.

सगळे गेल्यावर तो खुर्च्या आत ठेवायला थांबला. चौथी की पाचवी खुर्ची उचलताना म्हणाला, “ताई, ती फार ऐकू यायला नकोच होती मला.”

“म्हणजे?”

“आजी पहाटे अंगणात सडा टाकते ना, तेव्हा गुणगुणत असते. आत अंथरुणात शब्द कळत नाहीत. तिचा दम तेवढा कळतो. फ्लूट खाली गेली की तसाच आवाज येतो, हवेचा.”

मी खाली बसले. मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराची गोष्ट मी या खोलीत कितीदा सांगितली असेल. त्याने ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही पियानोसाठीची मालिका १८७४ मध्ये लिहिली, आपल्या गेलेल्या चित्रकार मित्राच्या, हार्टमनच्या प्रदर्शनावरून. त्यात ‘बिडलो’ नावाचा एक भाग आहे, पोलंडकडची बैलांची खटारगाडी. मुसोर्ग्स्कीच्या हस्तलिखितात ही गाडी पहिल्या सुरापासून पूर्ण जोरात येते, थेट अंगावर. तो १८८१ मध्ये वारला. मग त्याचा मित्र रिम्स्की-कोर्साकोव्ह याने ती मालिका छापायला तयार केली आणि बिडलोची सुरुवात हळू केली, गाडी लांबून येते आहे अशी. मायेनेच केलं, मित्राचं काम जगापुढे यावं म्हणून. पुढे कुसेवित्स्की या वाद्यवृंद-संचालकाच्या सांगण्यावरून फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये ती मालिका वाद्यवृंदासाठी मांडली, तेव्हा त्याच्यासमोर ही दुरुस्त केलेली प्रत होती. राव्हेलची मांडणी अप्रतिम आहे, ट्युबाच्या सुरांत ती गाडी काय चालते! पण आज जगभर वाद्यवृंदात ती गाडी बहुधा लांबूनच येते. मुसोर्ग्स्कीला ती कुठून यायला हवी होती, हे विचारायची सोय राहिली नाही. आणि इथे हा मुलगा माझ्यासमोर बसलेला असताना मी त्याला काही विचारलं नव्हतं.

तरी प्रश्न उरतच होता. त्याला हवा तो दमाचा आवाज त्या हॉर्नखाली दबणारच होता. आम्हा दोघांपैकी कुणीही कधी फुंकवाद्य ओठाला लावलेलं नाही. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही कामठीला गेलो. सीताबर्डीला मेट्रो बदलली, ऑटोमोटिव्ह चौकाला उतरलो आणि तिथून ऑटो केला. कामठीत एक काका राहतात, लष्करी बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. त्यांच्या नातीला मी शिकवते, एवढीच ओळख.

काकांनी आधी माठातलं पाणी दिलं. मग पेटी उघडली, रीड, म्हणजे तोंडाकडची पातळ पट्टी, जिभेवर ठेवून ओली करत बसले. “उन्हाळ्यात लवकर ऐकत नाही हे,” म्हणाले, “चिपाड होऊन जाते.” वाद्य जोडायला त्यांना मिनिटभरही लागलं नाही. मी माझ्या सूचनेप्रमाणे क्लॅरिनेटसाठी लिहून नेलेला कागद समोर ठेवला. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी सूर एक स्वर वर लिहावे लागतात, म्हणून एफ, जी, ए फ्लॅटच्या जागी कागदावर जी, ए, बी फ्लॅट.

त्यांनी वाजवलं. आवाज आला, पण फिका, पोकळ, जणू कुणी भिंतीपलीकडून बोलतंय. वाजवणारा तर मुरलेला होता.

“हे गळ्यातले सूर आहेत ताई,” ते म्हणाले. “क्लॅरोनेटचा गळा. इथं ती बोलत नाही, पुटपुटते.” मग त्यांनी बोटं दाखवली. जी वाजवताना सगळी भोकं उघडी, वाद्य नुसतं उजव्या अंगठ्यावर आणि ओठांवर तोललेलं. ए आणि बी फ्लॅटला वरच्या एक-दोन कळा, बस. आणि त्याच्या पुढचा सूर घ्यायचा तर एकदम जवळजवळ सगळी बोटं खाली. “पाहा बरं,” म्हणत त्यांनी हळू करून दाखवलं. बी फ्लॅटवरून सीवर जाताना उघडा हात क्षणात पूर्ण मिटला. चालीत पुढे ही उडी दोनदा होती. “वाजवून देतो मी. जन्म गेला याच्यात. पण तुमच्या पोराले इथं गुणगुणणं पाहिजे न? इथं बोटंच मधात येतात.”

म्हणजे मी ती चाल एका वाद्याच्या दुबळ्या जागेतून उचलून दुसऱ्या वाद्याच्या सगळ्यात दुबळ्या जागेत नेऊन ठेवली होती. क्लॅरिनेटचा गळा अडचणीचा असतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि त्या हाताचं उघडणं-मिटणं पाहिलेलं यात मोठं अंतर आहे.

मुलाने विचारलं, “काका, बँडमध्ये फ्लूट खाली गेली की काय करायचे?”

“काय करणार? बाकीचे गप्प बसत होतो. बँडमास्तर असा हात खाली करत.” त्यांनी पालथा पंजा गुडघ्याजवळ नेला. “तिचा आवाज वाढत नाही रे बाबा. आपला कमी करावा लागते.”

परतीच्या गाडीत तो मांडीवर स्कोअर घेऊन बसला होता. मला काही सुचवायचं होतं, पण मी थांबले. कस्तुरचंद पार्कपर्यंत त्याचं त्यानेच काढलं. हॉर्न तिथे त्याने कोरडेपणा झाकायलाच घातले होते. ते काढले. मग पेडल कोण धरणार? व्हायोला, आवाज दबवणारा म्यूट लावून, दोन भागांत, खालचा ए फ्लॅट आणि मधला सी. चेलोचे सुटे सूर तर्जनीने छेडायचे, तेही सगळ्यांनी नाही, पहिल्या दोघांनीच. व्हायोलिन्स पूर्ण गप्प.

घरी आल्यावर त्याने ते आठ बार पियानोवर वाजवले, आधी पेडल घेऊन, मग न घेता. दुसऱ्या वेळी मी व्हायोलाचे दोन सूर वरच्या बाजूला बसून नुसते धरून ठेवले. हरवलेलं पुष्कळसं परत आलं. मी समासातली माझी ओळ खोडली.

रात्री काकांचा फोन आला. पोराचं पूर्ण झालं की क्लॅरिनेटचा भाग पाठवा, म्हणाले, बसल्या बसल्या पाहून ठेवतो. मी सांगितलं की त्या जागी आता तुम्हाला वाजवायचंच नाही, आठ बार विश्रांती आहे.

“बरं झालं,” ते म्हणाले. “तेवढे आठ बार मी आजीले ऐकतो.”