सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक फेरीआधी कान तपासताना

यकृताच्या गाठीसाठी लहान मुलाला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सुरू करायचं ठरलं, की पहिली बाटली लागण्याआधीच मी त्याची श्रवणचाचणी उरकते. सुरुवात टिम्पॅनोमेट्रीने, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल तपासून. सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलं असेल तर आलेख उगाच बिघडलेला दिसतो आणि खापर औषधावर फुटतं. तीन वर्षांपुढचं मूल ‘आवाज आला की चेंडू टोपलीत’ या खेळात रमतं; त्याहून लहान असेल तर ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद) आणि बेरा (श्रवणमार्गाचा मेंदूपर्यंतचा प्रतिसाद), या मुलाने उत्तर न देताही होणाऱ्या चाचण्या. पुढे प्रत्येक फेरीआधी हेच.

माझी नजर असते ४००० ते ८००० हर्ट्झवर. सिस्प्लॅटिनमुळे आतल्या कानात पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स वाढतात आणि शंखाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या गोगलगाईसारख्या नळीच्या, बुडाकडच्या बाह्य केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आधी मरतात. उंच पट्टीचे आवाज टिपतात त्या याच. मूल हाकेला वळतं, टाळीला दचकतं, म्हणून घरी कुणाला शंका येत नाही. तोवर ‘स’, ‘श’ निसटू लागलेले असतात. या पेशी पुन्हा येत नाहीत.

इथे उपयोगी पडतं सोडियम थायोसल्फेट, सायनाइडच्या विषबाधेवरचं जुनं औषध. ते सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमला बांधून निष्क्रिय करतं, शिवाय अँटिऑक्सिडंट म्हणूनही काम करतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते मिळालेल्या मुलांपैकी ३३ टक्क्यांची श्रवणशक्ती घटली, न मिळालेल्यांपैकी ६३ टक्क्यांची. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती एक महिन्यापुढच्या मुलांसाठी आणि न पसरलेल्या गाठींसाठीच. पसरलेल्या कर्करोगात जगण्याचं प्रमाण घटल्याचं दुसऱ्या एका चाचणीत दिसलं होतं, त्यामुळे ही अट सैल करू नये.

दहा किलोवरच्या मुलाला दर चौरस मीटरला २० ग्रॅम, १५ मिनिटांत शिरेतून. शरीराचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर असेल तर १२ ग्रॅम. वेळ सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी. चूक होते ती इथेच: कुणी सुरू झाल्यापासून मोजतं. दुपारी दोनला संपलं तर थायोसल्फेट रात्री आठला, नेमकं पाळी बदलताना. म्हणून केसपेपरवर मोठ्या अक्षरांत वेळ लिहिलेली बरी. लवकर दिलं तर गाठीवरचं सिस्प्लॅटिनच निकामी होण्याची भीती. फेरी अनेक दिवसांची असेल, तर पुढच्या सिस्प्लॅटिनआधी किमान दहा तास मोकळे हवेत.

या औषधातून सोडियम भरपूर जातं. रक्तातलं सोडियम आधीच लिटरमागे १४५ मिलिमोलच्या वर असेल तर थांबायचं; पोटॅशियम आणि फॉस्फेटवरही लक्ष हवं. उलट्या जोरात होतात, त्यामुळे उलटीविरोधी औषध आधीच द्यायचं.

व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल चालतील का, असं पालक हमखास विचारतात. त्या याला पर्याय नाहीत, आणि केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता तर मुळीच नकोत. ताप आला म्हणून अमिकासिन किंवा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, तर मात्र मला लगेच कळवा. ही दोन्ही औषधं कानाला घातक.

प्लॅटिनम शंखात दीर्घकाळ राहतं, त्यामुळे केमो संपल्यावरही माझ्याकडची फाइल उघडीच असते.