‘स्टिल’ म्हणजे हाताची घडी

दुसरीचा वर्ग. बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा गंध नाही. त्या दिवशी मी एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ घेऊन गेले होते. पुस्तक १९६९चं, पण अजूनही मुलांच्या हातात पडलं की आधी बोटं भोकांत जातात. सुरवंटाने खाल्लेल्या फळांना पानावर खरीच भोकं आहेत ना!

माझी तयारी जय्यत होती. ॲपल, पेअर, प्लम, सगळ्यांची चित्रकार्डं. प्रत्येक शब्दाला थांबायचं, कार्ड दाखवायचं, वदवून घ्यायचं. तिसऱ्या फळापर्यंत मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. गोष्टीचा पार चुरा केला होता मी.

मग कार्डं बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सलग वाचायला घेतलं. सोमवारी एक सफरचंद खाऊन झालं, तरी सुरवंट ‘स्टिल हंग्री’. हे वाचलं आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी ताठ बसली. हाताची घडी, तोंडावर बोट. तिचं बघून शेजारच्या दोघी-तिघींनीही तेच केलं.

मला आधी हसू आलं, मग उलगडलं. दिवसातून दहादा मी ‘सिट स्टिल’ म्हणून ओरडते. त्यांच्या लेखी स्टिल म्हणजे गप्प बसा. आता या ‘स्टिल’चं कार्ड कुठून आणू? सफरचंदाचं चित्र निघतं, ‘अजूनही’चं कसं काढणार?

अर्थ मी सांगितला नाही. पोटावरून हात फिरवला, चेहरा पाडला आणि पान उलटलं. दोन पेअर, तरी तेच वाक्य. तीन प्लम, तरी तेच. शुक्रवारपर्यंत ते पाच वेळा येतं. बुधवारी दोघं-चौघं माझ्याबरोबर पुटपुटली, गुरुवारी वर्ग माझ्या आधीच ओरडला. शनिवारी सुरवंट दहा पदार्थ हाणतो, तेव्हा एकाने कपाळावर हात मारला: “बापरे, अजून भूक आहे ह्याला!” अर्थ त्याने स्वतःच सांगून टाकला. (‘थ्रू’चं कामही भोकांनीच केलं. बोट आरपार गेलं की झालं.)

फळांची नावं दुसऱ्या दिवशी निम्मी विसरली होती. प्लम तर कुणालाच आठवेना. त्याचं मला फारसं वाटलं नाही. नावं कार्डांवरूनही येतील कधीतरी. ‘स्टिल’, ‘बट’, ‘थ्रू’ असले चिल्लर शब्द मात्र गोष्टीतून पुन्हा पुन्हा कानावर पडल्याशिवाय मुरत नाहीत. यादीत मी ते कधी घेतलेच नव्हते.

आठवड्याने घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तीच मुलगी कोपऱ्यात ते पुस्तक घेऊन बसलेली. मी म्हटलं, “चल, दप्तर भर.”

तिने मान वर केली नाही. “टीचर, स्टिल रीडिंग.”

मी खुर्ची ओढून बसले.