कुळे वाढलं ते चढामुळे

गोव्यात रेल्वे आली ती मुरगाव बंदरासाठी. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ती ठरली आणि 1888 मध्ये मीटरगेज रूळ घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला भिडले. त्याच करारात गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं. रेल्वेच्या कौतुकात मिठागरवाल्यांचं हे नुकसान कुणी काढत नाही.

पायथ्याच्या कुळे स्टेशनाची वस्ती मात्र घाटाने घडवली. इथून कॅसलरॉकपर्यंतचा चढ 37 ला 1, म्हणजे 1,000 टनांच्या गाडीला साधारण 27 टनांची ओढ सतत मागे खेचते. सगळा भार पुढच्या इंजिनावर टाकला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर ताण येतो. ते तुटलं की मागचे डबे उताराला लागतात. म्हणून कुळ्याला शेपटाकडे बँकर इंजिनं जोडतात. ती ढकलतात आणि मागून आधारही देतात. पावसात ओल्या रुळांवर पाला चिकटतो, चाकं जागच्या जागी फिरतात, मग ड्रायव्हर वाळू सोडतो. वाळू कोरडीच हवी, दमट झाली की नळीत गच्च बसते. इंजिनं जोडा-सोडायची तर माणसं मुक्कामाला हवीत. त्यातून क्वार्टर्स आल्या, मागोमाग चहावाले आले.

उतरताना भीती ब्रेकची. घाटात कॅच सायडिंग असते, म्हणजे बेताल सुटलेली गाडी वळवून थांबवायचा आडमार्ग. काटा मुळातच त्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावरच मुख्य रूळ मिळतो.

पोर्तुगीज अमलात सामान कॅसलरॉकला आणि कुळ्याला असं दोनदा तपासलं जाई. सप्टेंबर 1946 मध्ये लोहियांना अटक झाली ती कुळे स्टेशनावरच. 1955 मध्ये सीमेपलीकडची गाडी बंद पडली आणि मुक्तीनंतरच पुन्हा धावली.

आजही पावसाळ्यात हा घाट गँगमनच्या पायांवर चालतो. रात्रीच्या गस्तीत दिवा आणि फटाके बरोबर असतात; हे फटाके चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबायचा इशारा देतात. दरड दिसली की ब्रॉडगेजवर तिच्यापासून 600 मीटरवर एक फटाका रुळावर बसवायचा, 1,200 मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटर अंतराने. एकेरी मार्गावर गाडी दोन्हीकडून येऊ शकते. दोघं असतील तर दोन दिशांना धावतात; एकटा असेल तर ज्या बाजूने गाडी आधी यायची, ती बाजू आधी.