लो-बोनेटचा मॅनिफोल्ड: सिलिकॉन खरवडण्यात गेलेले दोन रविवार

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की माझी लो-बोनेट (बसक्या बोनेटची जुनी) जीप आता स्लो मस्त धरते, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालू राहते. ते दोन महिन्यांपुरतंच खरं ठरलं.

पावसाळाभर गाडी मांगरात (शेडमध्ये) झाकलेली होती. गणपतीच्या आठवडाभर आधी बाहेर काढली तर स्लो धरेना. चोक अर्धा ओढला की बरी, सोडला की फडफडून बंद. प्लग काढले, चारही पांढरे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज १३ इंचांवर, काटा हलत नाही पण वरही चढत नाही. कुठून तरी हवा खातेय हे उघड होतं.

कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची सवय बऱ्याच जणांना आहे. या इंजिनावर ते करू नका. इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण आत नेणाऱ्या ओतीव नळ्यांना) चिकटूनच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आहे, भडका उडायला वेळ लागणार नाही. मी थंड इंजिन चालू करून लगेच पिचकारीने साबणाचं पाणी मारलं. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला पाणी लागताच आवाज बदलला.

नव्यांसाठी थोडक्यात: हे विलीजचं एल-हेड ‘गो-डेव्हिल’, १३४ घन इंच, म्हणजे साधारण २,२०० सीसी. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे मॅनिफोल्ड हेडला नाही, थेट ब्लॉकला बसतात. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांनाही बोल्टने जोडलेले, मध्ये छोटं पॅकिंग (गॅस्केट). एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट्रोलचं मिश्रण गरम व्हावं म्हणून ही सोय.

पहिला रविवार नट सोडवण्यातच गेला. खाऱ्या हवेत स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे) कसे होतात ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. दोन रात्री डिझेल पाजलं, तरी एक स्टड नटासकट बाहेर आला.

मॅनिफोल्ड हातात आला आणि माझीच करणी समोर दिसली. मार्चमध्ये पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना मी लाल सिलिकॉन (ट्यूबमधलं, सुकून रबर होणारं सीलंट) थापलं होतं. एक्झॉस्टच्या तोंडांजवळ त्याची राख झालेली, बोट लावलं की भुगा. ट्यूबवर तीनशेच्या आसपासचं तापमान लिहिलेलं असतं, पण चढणीला एक्झॉस्ट चारशेच्या पुढे सहज जातो. इनटेकच्या बाजूला उलटा प्रकार: पेट्रोलने फुगून सिलिकॉन लिबलिबीत झालेलं आणि त्याची एक जीभ पोर्टच्या आत लोंबत होती. तुटून व्हॉल्व्हखाली अडकली असती तर ही नोंद लांबली असती.

शेजारचे काका (एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेलं) तेवढ्यात डोकावले. “ह्यां काय लावलंस रे? लिपस्टिक?” मी म्हटलं, काका, मॅनिफोल्डचे फेस, ब्लॉकला टेकतात ते, थोडे वाकडे होते, म्हणून भर घातली. “मगे फेस सरळ कर. पॅकिंग सुकांच घाल.”

पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घेऊन मोजलं तर मागच्या टोकाला ०.४० मिलिमीटरची फट. सिलिकॉनने एवढे दिवस तीच झाकून ठेवली होती. दोन्ही मॅनिफोल्ड मधल्या पॅकिंगसह जोडून, एकत्रच फेसिंगला (यंत्रावर फेस सपाट करायला) कुडाळच्या एमआयडीसीत नेले. सुटे-सुटे घासले तर प्रत्येक आपापल्या जागी सरळ होईल, पण दोघांचा फेस एका पातळीत येईलच असं नाही.

मग सिलिकॉन मॅनिफोल्डला कधीच लावायचं नाही का? लावायचं, पण इंजिन बघून. १९५५ पासूनच्या शेव्हरलेच्या छोट्या व्ही-८ मध्ये इनटेक दोन हेडच्या मधोमध झाकणासारखा बसतो. तिथे पुढच्या-मागच्या कडेला तेल अडवायला सिलिकॉनची रेघ लागते, पाण्याच्या भोकांभोवतीही पातळ हात चालतो. परदेशातले व्हिडिओ बहुतेक त्याच इंजिनांचे असतात, आणि ते बघूनच मी ट्यूब विकत आणली होती. आपल्या एल-हेडच्या मॅनिफोल्डमध्ये ना पाणी ना तेल. अडवायची फक्त हवा, आणि ती सरळ फेस अडवतो.

दुसऱ्या रविवारी जोडणी. ब्लॉकचा फेस पितळी पट्टीने खरवडला, पोर्टांत चिंध्या कोंबून. मग दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना ढिले जोडले, सुक्या पॅकिंगवर ब्लॉकला बसवले, मधून टोकांकडे थोडे-थोडे आवळले आणि शेवटी दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडणारे चार बोल्ट कसले. हा क्रम चुकला की टोकाकडचा कान तुटतो. स्टडच्या आट्यांना फक्त ग्रॅफाइट ग्रीस.

गेज १८ इंच. चोक आत, स्लो शांत, एक्झॉस्टची टिकटिकही गेली; ती व्हॉल्व्हची समजून मी वर्षभर ऐकत होतो. देवगडपर्यंत जाऊन आलो, इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि पुन्हा पाना लावला तर मधले दोन नट पाव फेरा फिरले. पुढच्या आठवड्यात परत बघेन.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, आणि आमच्याकडे भाद्रपदात ओलाव्याची काय कमी? टोपण नीट न लागलेली उरलेली ट्यूब मांगरात आतल्या आत रबर झाली आहे.